झारी निघण्यापूर्वी

पौष लागला की नार्नूर, उटनूर, इंद्रवेल्ली या पट्ट्यातील पहाट बोचरी होते. आदिलाबादची थंडी साऱ्या तेलंगणात प्रसिद्ध आहे. काही वर्षी तर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत एके सकाळी रस्त्याच्या कडेने माणसांची एक लांब ओळ जाताना दिसते. अंगावर पांढरी धोतरे, डोईला पांढरी मुंडासी, पाय अनवाणी. कोणी कोणाला मागे टाकत नाही, कोणी मागे राहत नाही. केसलापूरच्या नागोबासाठी गोदावरीचे पाणी आणावयास निघालेले हे मेश्राम कुळातील गोंड यात्रेकरू होत. आपण दारात उभे राहून हात जोडतो, ओळ वळणाआड जाते आणि आपण पुन्हा आपल्या कामाला लागतो.

ही पदयात्रा आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या पाहिली गेली आहे. परंतु आपण पाहिली ती केवळ चाल. त्या चालीच्या आधी काय घडते, ओळ मोडत का नाही, इतक्या लांबच्या वाटेवर म्हाताऱ्या माणसांचेही पाऊल निर्धास्त कसे पडते, याकडे आपले लक्ष क्वचितच गेले. अलीकडे आपल्याच घरांतील तरुण मुले सुट्टीच्या दिवशी डोंगर, धबधबे पाहावयास पायी निघू लागली आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे. पण ती ज्या तऱ्हेने निघतात ते पाहून या जुन्या पदयात्रेकडे नव्याने पाहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम भूमीचा थोडा परिचय. नार्नूर हे आज आदिलाबाद जिल्ह्यातील मंडळाचे गाव आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा जैनूर कुमरम भीम आसिफाबादकडे गेले, जन्नारम मंचेरियालकडे गेले. नार्नूर मात्र आदिलाबादेतच राहिले, आणि त्यातून गादीगुडा हे नवे मंडळ निघाले. उत्तरेस व पूर्वेस डोंगररांगा, आणि त्यांच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे भाग मराठी मुलखाकडे गेले आणि मध्ये राज्याची सीमा आली. सीमा कागदावर आली. पायवाटा होत्या तेथेच राहिल्या. पौष पौर्णिमेला नार्नूरच्या खामदेवाची जत्रा भरते. तोडसाम कुळाच्या या दैवताला आजही त्या डोंगरापलीकडून माणसे येतात. पौर्णिमेला खामदेव आणि त्यानंतर पंधरवड्याने, अमावास्येच्या रात्री, नागोबा. या दोन तिथींच्या दरम्यान हा सारा मुलूख चालता होतो.

नागोबाच्या यात्रेची सुरुवात पहिल्या पावलाने होत नाही. पौषाची चंद्रकोर दिसल्यावर मेश्राम कुळाची वडीलधारी मंडळी केसलापुरास जमतात. कोणत्या दिवशी निघावयाचे, कोणत्या वाटेने जावयाचे, मुक्काम कोणत्या गावी करावयाचा, हे सर्व त्या बैठकीत बसून ठरते. त्यानंतर छकडा, म्हणजे छत घातलेली लहान बैलगाडी, गावोगाव फिरते. यात्रा कधी निघणार याची वार्ता कुळातील घराघरांत पोचते आणि ज्या गावांतून ओळ जाणार त्यांनाही आगाऊ कळते. पूजेला लागणारी मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडे सांगितली जातात. ती ऐनवेळी बाजारातून आणण्याची वस्तू नव्हे. एवढे झाल्यावरच कटोडा, म्हणजे कुळाचा पुजारी, पितळेची झारी घेतो आणि ओळ निघते.

वाट सोपी नाही. जन्नारम मंडळातील कलमडुगूजवळ गोदावरीच्या पात्रात हस्तिनामडुगू नावाचा डोह आहे, तेथपर्यंत जावयाचे. एका बाजूचे अंतर साठ किलोमीटरांहून अधिक भरते. मध्ये घाट आहेत, ओढे आहेत, आणि ज्याला आज कवल व्याघ्र प्रकल्प म्हणतात ते जंगल आहे. तेथे झारी भरून घ्यावयाची आणि परत फिरावयाचे. येताना इंद्रवेल्लीच्या इंद्रादेवीची पूजा होते; मग केसलापूरच्या वडांखाली मंडळी उतरतात आणि अमावास्येपर्यंत तेथेच विसावतात. तेथेही व्यवस्था ठरलेली: हजारो माणसांचा स्वयंपाक, पण चुली २२च, आणि त्या आळीपाळीने वापरावयाच्या.

हे सर्व देवासाठी आहे, सुरक्षिततेसाठी नव्हे, हे आम्ही जाणतो. श्रद्धेला उपयुक्ततेचा शिक्का मारण्याचा हेतू नाही. तरीही इतिहासाचा वाचक म्हणून एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वाट आधी ठरलेली असणे, मुक्काम ठाऊक असणे, पुढच्या गावाला आपली वाट पाहावयास सांगून ठेवलेले असणे, ओळीत सर्वांत संथ माणसाच्या गतीने चालणे, आणि पोचल्यावर विसाव्याचे दिवस हिशोबात धरलेले असणे, या पाच गोष्टी ज्या समूहाने पाळल्या तो समूह वाटेत हरवत नाही. रूढीचे रूप घेतल्यामुळे ही तयारी दर वर्षी नव्याने शिकवावी लागली नाही. ती विसरली जाऊ नये म्हणूनच कदाचित तिला देवाच्या स्वाधीन केले गेले असावे.

आपल्या मराठी परंपरेत याचे जोडचित्र आहे, आणि ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. आषाढी वारी फार जुनी. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला. पण आज आळंदीहून जो शिस्तबद्ध सोहळा निघतो, त्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी बसविली. हैबतबाबा हे शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेले गृहस्थ. लष्कराचा तळ कसा पडतो, कूच कसे होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. दिंड्यांचे क्रमांक, रथापुढच्या व रथामागच्या जागा, चोपदार, ठरलेले विसावे व मुक्काम, या साऱ्यांत त्या अनुभवाची खूण दिसते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था पुरविली. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर म्हातारी-कोतारी माणसे पार करतात ती अंगातील बळावर जितकी, तितकीच या घडीवर.

या घडीतील आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती समाजआरती. संध्याकाळी तळावर सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून पुढे काही होत नाही. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा तेथेच होते. लाखोंच्या समूहात दर संध्याकाळी कोणाचे काय चुकले, कोणाला काय झाले, हे विचारणारी ही रीत आहे. चालणाऱ्या माणसांसाठी याहून चांगला नियम आमच्या पाहण्यात नाही.

वारीने आणखी एक धडा दिला, आणि तो फार महाग पडला. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत कॉलरा वारंवार उद्भवला आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरला. शिस्त होती, भक्ती होती; पाणी मात्र शुद्ध नव्हते. पुढे पाण्याची व स्वच्छतेची व्यवस्था सुधारत गेली, विसाव्या शतकात यात्रेकरूंना लस टोचून घेण्याची सक्ती झाली, तेव्हा तो ओसरला. परंपरेत जे नसेल ते नव्या ज्ञानातून घ्यावे लागते, हे वारीने स्वीकारले, आणि म्हणूनच ती टिकली.

आता आपल्याकडे वळू. आपली घराणी या मुलखात आली ती बैलगाडीने आणि पायी. कोणी चांदा भागातून आले, कोणी यवतमाळकडून पैनगंगा ओलांडून, कोणी नांदेड-किनवटाकडून. काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग १९२० च्या दशकाअखेरीस पुरा झाला आणि जंगलातून मोटारीच्या सडका निघू लागल्या, तेव्हा येणाऱ्यांची संख्या वाढली. तत्पूर्वीचा प्रवास म्हणजे ऋतू पाहून निघणे होते. पावसाळ्यात ओढे अडवीत, उन्हाळ्यात पाणी मिळत नसे आणि हिवतापाचे भय बाराही महिने असे. दुधात भिजविलेल्या दशम्या, ठेचा, घोंगडी, कंदील, काठी आणि चऱ्हाट, हे सामान घेतल्यावाचून गाडी हलत नसे.

परंतु सामानाने वाट सापडत नाही. वाट दाखविली ती येथील गोंड आणि कोलाम माणसांनी. कोणत्या ओढ्याला माघातही पाणी असते, कोणत्या खिंडीतून गाडी उतरते, मोह गळू लागला की अस्वलासाठी कोणती वाट सोडावी, हे ज्ञान त्यांचे होते. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी थंड राहते, हेही आपण त्यांच्या खांद्यावर पाहून शिकलो. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारच्या काळात ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या भागात आले आणि जैनूरजवळच्या मारलवाईत राहिले. नागोबाच्या जत्रेत दरबार भरविण्याची प्रथा त्यांच्याच काळातली. त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या शाळांतील गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली, ही गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. पण याच अभ्यासकाने १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असेही नोंदविले की, बाहेरून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या ओघात गोंडांच्या हातून जमिनी निसटत गेल्या. ते वसाहतकरी म्हणजे इतरांबरोबर आपणही. ज्यांनी वाट दाखविली त्यांचीच भुई कमी झाली, हे आपल्या इतिहासाचे पान आपण सहसा उघडीत नाही. येथे ते उघडले, कारण वाटांचे ज्ञान हे देखील एक ऋण आहे, आणि ते आजही आपण फेडलेले नाही.

सडका झाल्या, एस. टी. आल्या, मोटारसायकली आल्या. आपल्या घरांतील चालणे एका पिढीत थांबले. आजोबांना नार्नूरहून डोंगरापलीकडच्या नातलगांकडे जाणारी वाट डोळे मिटून सांगता येई. नातवाला ती ठाऊक असण्याचे कारणच उरले नाही. आता तो नातू हैदराबादेत किंवा नागपुरात शिकतो, मित्रांबरोबर दिवाळीत किंवा श्रावणात गावी येतो आणि धबधबा पाहावयास निघतो. लिंगापूर मंडळातील सप्तगुंडाल, नेरडिगोंड्याजवळ कडम नदीवरील सुमारे दीडशे फुटांचा कुंटाळा, ही स्थाने खरोखर देखणी आहेत. परंतु कुंटाळ्याच्या डोहाने पोहू जाणारांचे बळी घेतले आहेत, हे जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्रातही ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे काही धाडस करावयास गेली नव्हती. सहलीला गेली होती. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उन्हात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, एवढीच गोष्ट त्यांच्या आड आली.

मग तयारी म्हणजे काय? आम्हांस वाटते की मेश्रामांच्या बैठकीपासूनच आरंभ करावा. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून वाट, वेळ आणि परतण्याची घटका ठरवावी, आणि ती घरी राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्यावी. छकडा गावोगाव फिरतो त्याचे मर्म हेच आहे. आपण कोठे आहोत हे ज्याला ठाऊक आहे, असा कोणी तरी मागे असला पाहिजे. डोंगरात फोन लागेलच असे नाही. घरच्या माणसाने घड्याळ पाहून शोध सुरू करणे हाच तेथे खरा आधार.

वेळेचा हिशोब पाश्चात्त्य गिर्यारोहकांनीही मांडला आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा नियम सांगितला, तो आपल्या मापात असा: सपाटीवर पाच किलोमीटरांस एक तास, आणि वर चढलेल्या दर ६०० मीटरांस आणखी एक तास. समजा, १४ किलोमीटरांची फेरी आहे आणि चढ ३०० मीटरांचा. नियमाप्रमाणे सुमारे तीन तास वीस मिनिटे होतात. हा हिशोब सरावाच्या, न थांबणाऱ्या माणसाचा. मुले, वडीलधारी आणि दगडांची वाट असेल तर तो दुप्पट धरावा, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे. पौषात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सातला निघालेली मंडळी दोनच्या आत परततात आणि वाटेत कोणाचा पाय मुरगळला तरी हाती चार तास उजेड उरतो. चहापाणी आटोपून अकराला निघालेली मंडळी मात्र सूर्यास्ताच्या तोंडावर पोचतात. त्यांच्याजवळ चुकण्यापुरतीही सवड नसते. दोघांची वाट एकच, पाय सारखेच. फरक केवळ निघण्याच्या वेळेचा.

ऋतूचे भान हे दुसरे. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस आपल्या डोंगरांसाठी उत्तम. चैत्र-वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारची चाल टाळावीच. श्रावणात ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा वाहू लागला, की क्षणाचाही विचार न करता उंचावर निघावे. पाणी माणशी तीन लिटर तरी जवळ असावे, कारण डोहातले पाणी कितीही निर्मळ दिसले तरी कॉलऱ्याचा धडा आपण विसरता कामा नये. वहाणा नव्या नसाव्यात, पायाला सरावलेल्या असाव्यात. अनवाणी चालणाऱ्या यात्रेकरूंचे अनुकरण करू नये. त्यांचे तळवे वर्षभर त्या भूमीवर चाललेले असतात.

जंगलाविषयी दोन शब्द. कवल हे २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि ताडोब्याकडील वाघ या वाटेने येत-जात असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये किनवटकडून आलेला एक नर वाघ निर्मल व आदिलाबाद जिल्ह्यांतून सुमारे ३०० किलोमीटर चालला. आपण सीमा मोजीत बसलो तरी त्याने जुनीच वाट धरली. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. पहाटे व सांजवेळी झाडीत एकटे फिरू नये; मोहाच्या हंगामात बोलत चालावे, म्हणजे अस्वलास चाहूल लागते. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे जुने उपाय घातक ठरले आहेत. अवयव न हलविता, माणसाला धीर देत, १०८ ची गाडी बोलावून इस्पितळ गाठणे हाच उपाय. आपल्या कित्येक घरांत अजूनही आधी मांत्रिकाकडे जाण्याची रीत आहे. तीत गेलेला तास परत मिळत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वाट जाणणारा माणूस बरोबर घ्यावा. डोंगरपायथ्याच्या गोंड किंवा कोलाम वस्तीतील तरुणास विचारावे, त्याची मजुरी आधी ठरवून ती मानाने द्यावी, आणि तो परत फिरा म्हणाला तर वाद न घालता फिरावे. ज्या ऋणाचा वर उल्लेख केला ते यामुळे फिटणार नाही. पण निदान या वाटांवर त्याला वाटाड्या मानणे आणि आपण पाहुणे आहोत हे जाणणे, एवढे आपल्या हाती आहे.

कोणी म्हणेल, इतके सगळे पाहावयाचे तर चालण्याची मौज ती काय राहिली? आमचा अनुभव उलट आहे. ज्याला परतण्याची वेळ ठाऊक आहे, ज्याच्या तुंब्यात पाणी आहे, ज्याच्या मागे घरी कोणी तरी घड्याळ पाहत आहे, त्यालाच पळसाच्या झाडाखाली निवांत बसता येते. धास्तावलेल्या माणसाला डोंगर दिसत नाही, केवळ अंतर दिसते. वारकऱ्याच्या मुखी अभंग येतो, कारण रात्रीचा मुक्काम कोठे आहे याची चिंता त्याच्या डोक्यावर नसते.

येत्या पौषात ती पांढरी ओळ पुन्हा आपल्या दारावरून जाईल. हात तर आपण जोडूच. घरातील मुलांना बरोबर घेऊन उभे राहावे, आणि ओळ वळणाआड गेल्यावर त्यांना विचारावे, या मंडळींची बैठक कधी झाली असेल, आजचा मुक्काम कोठे असेल, यांच्यात सर्वांत हळू चालणारा कोण आहे? मुले ही उत्तरे शोधू लागली, की पुढच्या सुट्टीत डोंगराकडे निघण्यापूर्वी तीही आदल्या रात्री एकत्र बसतील, असा आम्हांस भरवसा आहे.